पारसिकच्या डोंगराखालून खेकडा गेला

एक

रविवारी सकाळी चौघांनी मिळून चादर उचलली, तेव्हा खेकडा जागेवर नव्हता.

खेकडा म्हणजे इंजिन. मध्य रेल्वेचं जुनं, विजेचं, दोन्हीकडे लांब नाक असलेलं, मालगाड्या ओढणारं. उभं असलं की कण्हतं, चाललं की अंग हलवत जातं, म्हणून त्याला खेकडा म्हणतात. आमच्याकडचा पितळेचा होता आणि हातभर लांब. भांडुपच्या या चाळीत आम्हाला दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मी, माझे यजमान आणि आमचा संसार राहतो. बाहेरच्या खोलीत मध्य रेल्वे राहते. फळ्यांवर ठाण्यापासून मुंब्र्यापर्यंतचे रूळ, मध्ये पारसिकचा डोंगर. डोंगर जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचा, आणि त्याची खळ माझ्या रेशनच्या मैद्याची. गेल्या मे महिन्यात माझी आई राहायला आली तेव्हा ती कळवा स्टेशनच्या खाली झोपली.

"बोगद्यात बघ," नंदकिशोर म्हणाला.

बोगद्यात हात गेला. बोगद्यातून झुरळ निघालं.

"वाट लागली," गुणाजी म्हणाला.

चंद्रप्रकाशनं फळीखाली वाकून पाहिलं. चौथा माझा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण ज्या गोष्टीत सगळेच संशयित आहेत तिच्यात एकाला नुसतं 'हे' म्हणून चालत नाही. तेव्हा दत्ताराम. दत्ताराम साटम.

दत्तारामनं चष्मा पुसला आणि शांतपणे हिशेब मांडला. "गेल्या रविवारी आपण चौघांनीच चादर घातली. खेकडा होता. मधल्या दिवसांत चंद्रप्रकाश फिरकला नाही. नंदकिशोर आला, तेव्हा रत्ना समोर बसून होती. गुणाजी तेलाची बुधली द्यायला आला, पण पाय चिखलाचे म्हणून उंबऱ्याबाहेरूनच गेला. कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोन."

"एक तुझी," नंदकिशोर म्हणाला.

"एक माझी. एक हिची."

मग चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होते. काही कारण नसताना ती बशी मला लपवावीशी वाटली.

"वहिनी मागे म्हणाल्या होत्या," चंद्रप्रकाश जमिनीकडे बघत म्हणाला, "की एक दिवस हे सगळं भंगारवाल्याला देईन."

म्हणाले होते. सगळ्यांदेखत, मोठ्यानं, आणि एकदाच नाही.

दोन (रद्द)

या प्रकरणात पोलीस यायचे होते. चंद्रप्रकाशनं तसं सुचवलंही. तो घाटकोपरचा, त्याच्या सगळीकडे ओळखी.

"तक्रारीत काय सांगणार?" गुणाजीनं विचारलं. "भांडुपमधनं खेकडा गेला? हवालदार म्हणेल, खाडीत बघा."

प्रकरण रद्द.

तीन

पाहुणे गेले. पानं वाढली. दत्तारामनं आमटीत भात कालवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "रत्ना, आवराआवर करताना कुठे ठेवला असशील तर आठव. मी रागावणार नाही."

मी रागावणार नाही. या तीन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी मुलुंडच्या शाळेत मराठी शिकवते. खडू कोणी पळवला हे मुलांना विचारायचं असतं तेव्हा हीच तीन शब्दांची युक्ती मी वापरते, आणि ती फक्त गुन्हेगारावर वापरतात.

"मी हात लावलेला नाही," मी म्हटलं.

"बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे बरं. भात वाढ."

संध्याकाळी नळावर शेजारच्या वनमालानं कळशी लावता लावता विचारलं, "सापडलं का हो इंजिन? साटमभाऊजी सांगत होते, तुम्ही कुठंतरी ठेवून विसरलात म्हणून."

म्हणजे चाळीत पोहोचलं होतं. मंगळवारी शाळेत शिपाईमावशींनी विचारलं. म्हणजे मुलुंडलाही पोहोचलं होतं. घरात एकदा माणसाचा शब्द चालेनासा झाला की पुढे दूध तापवलं म्हणून सांगितलं तरी समोरचा भांड्याला हात लावून बघतो. दत्ताराम परवा तसं करताना दिसला.  हात लावला आणि काढला.

तेव्हा ठरवलं. पुढचा रविवार यायच्या आत खेकडा कोणी नेला हे मी सांगू शकले नाही, तर या घरात मी जन्मभर इंजिन भंगारात घालणारी बाई होऊन राहीन. गणपतीत मंडपात हे सगळं मांडायचं आहे. तिथे लोक विचारणार, इंजिन कुठाय? आणि कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवणार. मला शोधायचंच होतं. इंजिनासाठी नाही. त्याचं नाक मोडो.

चार

चौकशी मी केली. प्रश्न इथे देत नाही, कारण उत्तरांचा त्यांच्याशी फारसा संबंध नव्हता.

नंदकिशोर. राहणार मुलुंड, नोकरी पोस्टात. खेकड्याचं पितळी अंग यानं ठोकून काढलं.

"वहिनी, माझीच वस्तू मी चोरीन? बरं, माझी एकट्याची नाही. ते मला दत्ताराम ऐकवत असतोच. नाही, रागावलो नाही. तेव्हा रागावलो होतो. गुणाजीनं डब्याला ओरखडा पाडला म्हणून मी दिवाळीपासून होळीपर्यंत आलो नाही. त्याला राग नाही म्हणत, त्याला न येणं म्हणतात. ओरखडा अजून आहे, दाखवू का? परवा आलो होतो तो मासिक परत न्यायला. तुम्हीच तर समोर होता, आणि अर्धा तास मला शाळेच्या निकालाबद्दल सांगत होता. तुमच्याकडे रॉकेल आलं का हो?"

गुणाजी. राहणार भांडुप गाव, खाडीच्या अंगाला. जातीचा कोळी, कामानं फिटर. चाकं याची.

"वहिनी, मला काय विचारता, माझे पाय बघा. या पायांनी मी आत आलो असतो तर तुम्हाला आठवडाभर फरशीवर दिसलं असतं. हो, भांडलो मी. मंडपातल्या पाटीवर माझं नाव सगळ्यात खाली टाकलं, म्हणून बोललो. बरं, ओरडलो. पण नेऊन ठेवू कुठं? माझ्या घरात मांजराला आडवं व्हायला जागा नाय. आणि रुळाशिवाय त्याचा उपयोग काय, सुपारी फोडू त्यानं? रॉकेल आमच्याकडं पण नाय."

चंद्रप्रकाश. राहणार घाटकोपर. परदेशी मासिकं याची, ट्रान्सफॉर्मर याचा, आणि खेकड्याचा कण्हण्याचा आवाजही याचाच. तो तोंडानं काढतो.

"मी आठवडाभर आलोच नाही, मग मला का? मंडपात धूळ बसेल, मोटर जळेल, एवढंच म्हणालो होतो. म्हणून मी घरी नेऊन ठेवीन? वहिनी, विचार करा. इंजिनच नसलं तर रविवारी मी तुमच्या घरी येऊन नुसता कण्हत बसू?"

हे बिनतोड होतं. तिघांचंही बिनतोड होतं. दत्तारामचा हिशेब चोख होता, आणि त्या हिशेबात शेवटी फक्त दोन माणसं उरत होती. त्यातली एक मी. दुसऱ्यानंच हिशेब मांडलेला.

पाच (एकच्या आधी यायचं होतं, उशिरा आलं)

खेकडा गेला त्याच्या आधीच्या रविवारची बैठक आठवून पाहिली. खेकडा शेवटचा धावला तो दिवस. त्या दिवशी कोणी काही वेगळं बोललं का? मी आतून पोळ्या लाटत ऐकत होते. ऐकत होते म्हणजे भिंत पातळ आहे.

"सिग्नल दे."

"दिला."

"आरेचं दुधाचं कार्ड झालं का रे तुझं?"

"झालं. अर्धा लिटर. पोरं, म्हातारी, आलागेला, सगळ्यांत अर्धा लिटर. सिग्नल दिला म्हणतोस, हात तर वर आहे."

"वर म्हणजेच दिला."

"खाली म्हणजे दिला."

"मुलुंडला वर म्हणजे दिला."

"मुलुंडला काय वाट्टेल ते करा. ही ठाण्याची बाजू आहे."

चंद्रप्रकाश कण्हायला लागला.

"जास्त होतंय, यार," गुणाजी म्हणाला. "पोटात दुखल्यासारखं वाटतं."

"उभा असताना तो असाच कण्हतो."

"तू बसलायस."

"माझ्या धाकट्याला पहिलीत घेत नाहीत," हा नंदकिशोर. "म्हणे जून उलटल्यावर जन्मला."

"मग मे सांगायचा."

"मे सांगितला. तर म्हणाले, मे तर मग मागच्या वर्षी का नाही आणलंत? हळू, हळू रे वळणावर. तो डोलतो. वळणाच्या बाहेर एकानं हात धरून उभं राहायचं, किती वेळा सांगू? खेकडा एकट्यानं चालवायचा नाही."

"हो बाबा."

"दत्ताराम, तुलाही सांगतोय."

"मी कशाला एकटा चालवू? मला काय वेड लागलंय?"

"वहिनी, पोहे झकास. मीठ आहे का थोडं?"

अशी ही बैठक. दर रविवारी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत. यात वेगळं काहीच नव्हतं. मला कंटाळा आला आणि मी आठवणं सोडून दिलं. तेच चुकलं. वेड लागलंय का, हे दत्तारामनं विचारलं होतं. उत्तर कोणीच दिलं नव्हतं.

सहा

चाळीच्या फाटकाशी गुणाजीची आत्या सोनूबाई बसते. एरवी मासळी घेऊन, श्रावणात गिऱ्हाईक नसतं म्हणून अळू आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन. शेंगा फारशा खपत नाहीत, त्यामुळे तिला बघायला वेळ असतो.

"कोन आला नि कोन गेला ते मी कशाला बघू, बाय? मी काय वॉचमन हाय?"

मी शेंगांची जुडी उचलली. मग तिनं सगळं सांगितलं. वनमालाचा दीर दोनदा आला, एकदा भांडून गेला. दूधवाल्याची सायकल नवी. गुणाजी तेल घेऊन आला आणि तसाच परतला. मोठी पिशवी घेऊन जाणारं परकं माणूस कोणी नाही.

"आपल्यातलं?"

"आपल्यातला तुजा नवरा. सोमवारी. ह्या नाय, मागल्या. तू शालेत गेलतीस, उन्हं वर आलती. कापडी पिशवी छातीशी धरलेली, जसा काय आत पोर हाय. मी म्हनला, भाऊ, इतका जपून काय नेतंस? तर चिंबोरी हाय म्हनला. श्रावनी सोमवार नि चिंबोरी. मी म्हनला, आपल्याला काय करायचा."

इंजिन माझ्या डोक्यातून साफ गेलं.

आमच्या घरात श्रावण पाळतात. म्हणजे दत्ताराम पाळतो आणि मी रांधते. कांदा नाही, लसूण नाही, सोमवारी एक वेळ, आणि भाजीत हिंग जास्त पडला तरी तोंड वाकडं. त्या आठवड्यात त्याची कारखान्यात दुसरी पाळी होती. मी सकाळच्या शाळेला, तो दुपारपर्यंत घरी एकटा. आणि हा माणूस माझ्या पाठीमागे पिशवीतून नांग्यांसकट कुर्ल्या घेऊन फिरत होता.

सात

"सोमवारी पिशवीत काय होतं?"

त्याचा ताटावरचा हात थांबला. तोंडावरचा रंग उतरला.

"कसली पिशवी?"

"कापडी. सोनूबाईनं पाहिली. कुर्ल्या होत्या म्हणे. श्रावणी सोमवारी."

आणि मग, मी बघत असताना, उतरलेला रंग परत आला. पकडलेल्या मुलाचा चेहरा पडताना मी शाळेत रोज बघते. पकडल्यावर कोणाचा चेहरा उजळलेला मी आजवर पाहिला नव्हता.

"हो," दत्ताराम म्हणाला. "खाल्ल्या. गुणाजीकडे नेल्या, सुगंधावहिनींनी करून दिल्या. जीभ राहिली नाही. चुकलं माझं."

इतक्या लवकर हा माणूस आजवर कशालाही कबूल झालेला नाही. लग्नात सुद्धा.

आठ

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक भांडुप गावात गेले. गुणाजीचं घर मिठागराच्या वाटेवर आहे. सुगंधा दारात बसून तांदूळ निवडत होती.

"सोमवारी आमच्या ह्यांना कुर्ल्या करून घातल्यास म्हणे."

"काय घातलं?"

"कुर्ल्या."

"कुर्ल्या म्हंजे?" तिनं सूप थांबवलं. "हां, चिंबोऱ्या. तुमी मालवणी लोक कायपन नाव ठेवता. नाय गं वहिनी. सोमवारी मी माहेरी होते, उरणला. हे पहिल्या पालीला. घराला कुलूप होता."

"नक्की?"

"भाऊच्या मुलीचा बारसा होता. पेढा देऊ?"

मी पेढा खाल्ला आणि निघाले. म्हणजे गुणाजीकडे नाही. मग कोणाकडे? श्रावणी सोमवारी, भर सकाळी, माझ्या नवऱ्याला कुर्ल्या शिजवून घालणारी ही कोण? चाळीतल्या, कारखान्यातल्या, त्याच्या मालवणच्या गाववाल्यांच्या, सगळ्या बायका मी एकेक करून डोळ्यांसमोर आणल्या. वनमालाला कुर्ली साफ करता येत नाही. बाकीच्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्या दहा मिनिटांत मी बरंच म्हटलं.

मिठागराच्या बांधापाशी आले आणि थांबले. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता.

सुगंधाला कुर्ली कळली नव्हती.

नऊ

आमच्या घरात कुर्ली. त्यांच्या घरात चिंबोरी. दत्ताराम मालवणकडचा, त्याच्या आईनं, आजीनं, सगळ्या खापरपणज्यांनी कुर्लीच खाल्ली. चिंबोरी हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. मग सोनूबाईला तो चिंबोरी कसं म्हणाला?

सोनूबाई अजून फाटकाशी होती. शेंगा अजून होत्या.

"मावशी, सोमवारी ते तुम्हाला नेमकं काय म्हणाले?"

"सांगितला ना. चिंबोरी."

"हाच शब्द? की कुर्ली म्हणाले?"

"कुर्ली नाय." तिनं मान तिरकी करून आठवलं. "खेकडा म्हनला. पिशवीत खेकडा हाय म्हनला. आता खेकडा म्हंजे चिंबोरीच ना, बाय? का माजं कायतरी चुकला?"

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं, आणि उरलेल्या सगळ्या शेंगा घेतल्या.

दहा

रविवारी चौघं जमले. चादर उचलायचं कारण नव्हतं, तरी उचलली. रिकाम्या रुळांभोवती बसून नंदकिशोरच्या मुलाचा शाळाप्रवेश, चंद्रप्रकाशची सर्दी आणि मंडपवाल्यांना काय तोंड दाखवायचं, असं सुरू झालं. मी चहा न आणता आले आणि कल्याणच्या बाजूला, स्टुलावर बसले.

"चहा?" दत्ताराम म्हणाला.

"आधी खेकडा."

 चंद्रप्रकाशनं रुमाल नाकाला लावला तो तसाच राहिला.

"किल्ल्या दोन," मी म्हटलं. "एक माझी, एक ह्यांची. तिथवर तुमचा हिशेब बरोबर होता. माझ्याकडे बघितलंत, कारण ह्यांच्याकडे बघावं असं तुम्हाला वाटलंच नाही. जो हिशेब मांडतो, तो स्वतः कसा नेईल? बरं. सोमवारी सकाळी हे कापडी पिशवी घेऊन फाटकातून गेले. सोनूबाईंनी विचारलं, काय आहे. ह्यांनी एका शब्दात सांगितलं. सोनूबाईंनी मला सांगताना त्याचा त्यांच्या भाषेत शब्द केला, चिंबोरी. मी घरी येऊन माझ्या भाषेत शब्द केला, कुर्ली. आणि ह्यांनी काय केलं? गुणाजीभाऊजींच्या घरी कुर्ल्या खाल्ल्याचं कबूल केलं. श्रावणात."

"सोमवारी?" नंदकिशोर दचकला. त्याला या भागाचा जास्त धक्का बसला.

"आमच्याकडं खाल्ल्या म्हणाला?" गुणाजी म्हणाला. "सुगंधा तर उरणला होती."

"खाल्ल्याच नाहीत. मूळ शब्द वेगळा होता. भाऊजी, तुम्ही खाता त्याला काय म्हणता?"

"चिंबोरी."

"आम्ही कुर्ली म्हणतो. मग मला एवढंच सांगा, या घरात मालवणी माणूस खेकडा कशाला म्हणतो?"

 तिघांनी मिळून दत्तारामकडे पाहिलं. मागच्या रविवारी ते कसं बघतात ते मी पाहिलं होतं, त्यामुळे दत्तारामला काय वाटत असेल याची मला नीट कल्पना होती.

"विचारलं तेव्हा खोटं बोलायला सुचलंच नाही," तो म्हणाला. "तोंडातून खरंच निघालं."

"कुठे आहे?" नंदकिशोरचा आवाज बारीक झाला होता.

"घाटकोपरला. कासाराकडे."

"कासाराकडे का?"

"एकट्यानं चालवला. जरा जोरात सोडला. वळणावर डोलला, आणि मी इकडे कंट्रोलपाशी." त्यानं हातानं फळीवरून खाली असं दाखवलं. "नाक वाकलं. कासार म्हणाला शनिवारी देतो. शनिवारी गेलो तर दुकान बंद. गावी गेलाय. परत आला की आणून ठेवणार होतो."

"बोगद्यात?"

"नाही." त्याचा आवाज उतरला. "माळ्यावर. हिच्या पितळी भांड्यांत."

मी ते ऐकलं, आणि मला कळायला थोडा वेळ लागला. म्हणजे सापडणारही तो माझ्याकडेच होता. सगळ्यांसमोर माळ्यावरून उतरवला जाणार होता, माझ्या घंगाळातून, आणि दत्ताराम म्हणणार होता, जाऊ द्या, रागावू नका तिच्यावर.

"अहो, आठ दिवस मी झुरत होते की माझा नवरा माझ्यावर संशय घेतो," मी म्हटलं. "संशय असता तर मी समजले असते. तुम्हाला माहीत होतं."

"रत्ना, ऐक. नंदकिशोर रुसला की येत नाही. तुला माहितेय, दिवाळीपासून होळी. तो सुटला तर सगळंच सुटतं. आणि तू काय, घरचीच आहेस. तुझ्यावर थोडे दिवस आलं तर काय बिघडणार होतं? तू कुठे जाणार आहेस?"

हे तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला. त्याला ते खरंच पटलेलं होतं. बाकीचे तिघे मध्ये काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली.

"नाक कुठलं?" नंदकिशोर म्हणाला. "ठाण्याकडचं की मुंब्र्याकडचं?"

"मुंब्र्याकडचं."

"ते मी दोनदा केलं होतं. पहिलं फुकट गेलं होतं."

"चाकं?" गुणाजीनं विचारलं. "अॅक्सल वाकला नाय ना?"

"चाकं ठीक आहेत."

"मोटर फिरवून बघितलीस?" चंद्रप्रकाश म्हणाला.

मी उठले, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि ट्रान्सफॉर्मरची वायर ओढून काढली. मग चौघांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"रत्नाप्रभानं घेतलं नव्हतं," मी म्हटलं. "म्हणा."

"वहिनी, आम्ही कुठं म्हटलं की..."

"म्हटलंत. आता हे म्हणा."

गुणाजी आधी म्हणाला. सरळ माझ्याकडे बघून, आणि पुढे स्वतःच जोडलं, "चुकलं वहिनी, माझं तर डबल चुकलं, मी घरी जाऊन सुगंधाला पण सांगितलं होतं." चंद्रप्रकाश रुमालातून म्हणाला. नंदकिशोर म्हणाला, पण त्याचा डोळा त्या वळणावर होता, जिथून खेकडा पडला होता, आणि मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

दत्ताराम शेवटी. "तिनं घेतलं नव्हतं."

"पुढचं."

"पुढचं काय?"

"मला माहीत होतं."

त्यानं चष्मा काढून पुसला. 

"मला माहीत होतं," दत्ताराम म्हणाला.

"आता खाली नळावर जाऊन वनमालाला हेच सांगा. मोठ्यानं. ती कळशी भरत असेल, तर भरून होईपर्यंत थांबा. मग शिपाईमावशींचं मी बघते."

तो चप्पल न घालताच गेला. गॅलरीतून मला त्याचा आवाज ऐकू आला, शब्द कळले नाहीत. मग वनमालाचं एक लांबलचक 'अगोबाई' ऐकू आलं आणि त्यापाठोपाठ आणखी दोघींचं. इकडे तिघे फळ्यांकडे बघत बसले होते. रागावून निघून जायचं नंदकिशोरनं एकदा मनावर घेतलं, अर्धवट उठला, मग माझ्याकडे बघून पुन्हा बसला.

दत्ताराम परत आला. कान लाल झाले होते. तो सरळ आतल्या खोलीत गेला. भांड्यांचा आवाज आला. स्टोव्हला पंप मारल्याचा आला. काडी एकदा विझली, दुसऱ्यांदा पेटली. पाणी ठेवलं गेलं असावं. मी स्टुलावरून हलले नाही.

थोड्या वेळानं तो दारात आला. हातात रिकामा चमचा होता.

"साखर कुठे असते?"

"शोधा," मी म्हटलं.